नळाचं पाणी

"यात नळाचं पाणी कोण घालतं?" भिवाने विचारलं आणि बोटाला लागलेली पांढरी भुकटी हेरंब सोवनींच्या नाकासमोर धरली.

लालबागच्या त्याच्या गॅरेजात सोवनींची लाल गाडी पोट फाडल्यासारखी उघडी पडली होती. लोखंड गंजलं की तांबूस दिसतं, माणूस सावध तरी होतो. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. ते गुपचूप पांढरं पडतं आणि आतल्या आत झिजत जातं. पाण्याच्या पंपाच्या तोंडाशी खड्डे पडले होते, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेडही खाल्लं गेलं होतं. भिवाचं म्हणणं असं, की पंप कधीचा गळतोय, इंजिन थंड ठेवणारं रंगीत कूलंट सगळं वाहून गेलंय आणि टाकीत आहे ते निव्वळ नळाचं पाणी. जुन्या बाजारात दुसरं हेड मिळालं तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात.

सोवनींनी ठणकावून सांगितलं, की आपण जन्मात या गाडीत नळाचं पाणी घातलेलं नाही. दर रविवारी ते टाकी बघत, ती भरलेलीच असे. एवढी जुनी गाडी, पण थेंबभर पीत नाही, म्हणून चारचौघांत फुशारकीही मारत. टाकीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, आतला रंग दिसतोय कुठला!

गाडी मुळात त्यांच्या बायकोची, कालिंदीबाईंची. चालवायच्या त्याच, सोवनी शेजारी बसून ब्रेक कधी दाबायचा ते सांगायचे. बाई गेल्या. मुलगी परदेशी, तिचा फोन आला की सगळं ठीक आहे म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. फणसवाडीतल्या दोन खोल्यांत माणूस भिंतींशी बोलून बोलून किती बोलणार? म्हणून रविवारी गाडी काढायची, दादरहून भाजी आणायची आणि जाता-येता बाईंना आठवड्याचं सगळं सांगायचं. काचा वर असत, त्यामुळे वेडा म्हणायला कोणी नव्हतं. तेवढंच काय ते त्यांचं मनातलं बोलणं. गाडी भंगारात गेली असती तर तेही संपलं असतं, आणि याची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

पाणी घालणं कोणालाही अवघड नव्हतं. वाडीत गाड्या एकामागे एक लागतात. मागचीला बाहेर काढायचं तर पुढची हलवावी लागते, म्हणून सगळ्यांच्या चाव्या जिन्याखालच्या खिळ्यांना. घरी आल्यावर सोवनींनी तळमजल्यावरच्या रश्मीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, शामराव घालतात की रोज सकाळी; आम्हाला वाटलं, मिटलं तुमचं.

मिटलंय कसलं डोंबल! शामराव परुळेकर दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. उभा जन्म त्यांनी काळी-पिवळी टॅक्सी चालवली. ती म्हातारी होऊन भंगारात गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोवनींनी तिच्या जागेवर आपली लाल गाडी आणून लावली. आधी ती रस्त्यावर असे आणि टोइंगवाले उचलून नेत. वाडीत जागा मोकळी झाली, आपण लावली, यात आपलं काय चुकलं, असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटत होतं. शामराव त्या दिवशी गॅलरीतून ओरडले होते, की अरे, सुतक तरी फिटू दे. सोवनींनीही तोंड आवरलं नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला. जिन्यात गाठ पडली तर एक जण भिंतीकडे बघे, दुसरा पायऱ्यांकडे.

म्हणजे हा डूख होता तर. सोवनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं माणूस गेलं, आता तिची गाडीही मारायची? चाळीतल्या माणसाच्या तोंडी शोभणार नाहीत अशा शिव्या त्यांनी मनात तयार ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅलरीत येऊन उभे राहिले. शामराव पाण्याची बाटली घेऊन खाली आले. खिळ्यावर चावी नव्हती. ते त्या मोकळ्या जागेपाशी गेले, वाकून जमीन बघितली, वाडीच्या तोंडापर्यंत जाऊन रस्त्यावर नजर टाकली आणि परत येऊन तिथेच थांबले. सोवनी तरातरा खाली उतरले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत शामरावच बोलले.

"काय झालं रे तिला? कुठे नेलीस?"

सोवनींनी सांगितलं: नळाच्या पाण्याने आतलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं, इंजिन वाचेल की नाही सांगता येत नाही. शामरावांचा चेहरा खाडकन उतरला. त्यांच्या टॅक्सीचं इंजिन जुन्या काळचं, लोखंडी. सकाळी तिला पाणी पाजल्याशिवाय ते स्वतः चहाला तोंड लावत नसत. सगळ्या गाड्यांचं असंच असतं, एवढंच त्यांना ठाऊक. लाल गाडीखाली रोज ओलं दिसे. तू रविवारचा एकटा जातोस, ते चाचरत म्हणाले, परळच्या पुलावर कोरडी पडून पेटली असती तर तुला बघायला कोण होतं?

सोवनींना एकही शिवी आठवेना. या वाडीत आपण जगलो काय नि मेलो काय, कोणाला पडलेली नाही, असंच ते इतके दिवस धरून चालले होते.

"अरे, पण गाडी गळतेय, हे मला एकदा सांगायचं नाहीस?"

शामरावांनी त्यांच्याकडे नवलाने बघितलं.

"सांगणार कसं?" ते म्हणाले. "आपलं बोलणं बंद आहे ना."