निघणाऱ्याला विचारू नये

"कुठे निघालात? कशासाठी?" दाराने गोड आवाजात विचारलं.

शाल्मलीने चपला पायात सरकवल्या. बेत सांगितला, की दार यशाची शक्यता मोजणार आणि सगळ्या नातलगांना कळवणार. शेजारच्या निनादने होडी बांधायला घेतली, तेव्हा त्यांचं दार म्हणालं होतं, "सहा टक्के." मग काका-मामांनी समजावून समजावून त्याला ती मोडायलाच लावली. तेव्हापासून गावातली पोरं दाराला काही सांगेनाशी झाली. शाल्मलीने स्वतः बांबू तासून बनवलेले पंख वर डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या गोठ्यात, गवताखाली तयार होते.

"उत्तराशिवाय उघडता येणार नाही," दार म्हणालं.

आई स्वयंपाकघरातून तरातरा आली. "मेल्या, निघणाऱ्याला 'कुठे' विचारून नाट लावू नये, एवढंही कोणी शिकवलं नाही तुला?" तिने हातानेच कडी ओढली आणि दार खांद्याने ढकललं.

मग शाल्मलीच्या केसांत अडकलेली बांबूची ढलपी काढून तिने हळूच, रीतीप्रमाणे विचारलं, "लांब का गं?"

"नाही आई," उंबरा ओलांडत शाल्मली दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उंच!"