बाजूला व्हा

"साहेब, जरा बाजूला व्हा."

तिने हे शब्द उच्चारले आणि शेडमधली कुजबुज थांबली. कारण आंब्यांच्या शेवटच्या थप्पीला पाठ लावून उभे असलेले ते साहेब म्हणजे तिचे वडील होते.

परदेशातून आलेला कंटेनर सकाळी उघडून पेट्यांच्या थप्प्या लावल्या होत्या. आंबा देखणा होता. पण देखण्या आंब्यावरच तिचा विश्वास नसे. फळमाशी सुई टोचावी तशी सालीला टोचते, आत अंडी घालते आणि वरून फळ हसत राहतं. म्हणून नियम कडक होता. तिकडून निघण्याआधी फळ गरम पाण्यातून काढलेलं हवं आणि इथे कापून बघताना एकही जिवंत अळी निघता कामा नये. एक निघाली की अख्खा माल भट्टीत. ही माशी इथल्या बागांत शिरली, तर फळ झाडावरच सडणार.

हे सगळं तिला वडिलांनीच शिकवलं होतं. याच शेडमध्ये तिच्यासारखेच तपासनीस म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या भाजीची तपासणी करू लागले. "मी स्वयंपाक करू की अहवाल देऊ?" असं म्हणत आईनेच त्यांना घराबाहेर पिटाळलं. आणि त्यांनी नोकरी धरली ती नेमकी फळं मागवणाऱ्या एका मालकाकडे.

तेव्हापासून कार्यालयात प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकत होती. "बाप पगारावर ठेवला की लेक फुकटात मिळते," शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहा पिताना म्हणाला. तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. त्या मालकाचा माल तिने आधीही सोडला होता. माल स्वच्छ होता म्हणूनच सोडला होता. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? आणि खरं सांगायचं, तर तिच्याही मनात किडा वळवळत होताच. बाबांना दुसरी नोकरी मिळाली नसती का? जेवताना ती त्यांच्याकडे चोरून बघायची. घरात कामाचा विषय निघेनासा झाला होता.

आज दुसरा तपासनीस आजारी पडला आणि हा माल तिच्याकडे आला. मोठे साहेब स्वतः शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. "बापलेकीत एक शब्द जरी खासगी झाला, तर दोघांची चौकशी लावीन," त्यांनी आधीच बजावलं. मालक मात्र निवांत होता. लग्नघरातल्या यजमानासारखा हसत फिरत होता.

ती एकेका थप्पीतून पेट्या काढून आंबे कापत गेली. गर पिवळाधमक, कोय स्वच्छ. आणि बाबा बोलत होते. फळ कापताना कोणी शिंकलं तरी डोळे वटारणारा हा माणूस आज हवापाण्यावर बोलत होता.

"मॅडम, दाराजवळच्या पेट्या बघा ना. तिथे उजेड चांगला आहे."

ती भिंतीकडे वळली, तसे ते तिथल्या शेवटच्या थप्पीपुढे सरकले. ती डावीकडून गेली, तर तेही डावीकडे झाले. सगळ्यात वरच्या पेटीवर त्यांनी कोपर टेकवलं ते टेकवलंच.

हे आपले बाबा नाहीत, हा मालकाचा माणूस आहे, तिला वाटलं. शिक्का मारून घरी जावं, काही बघूच नये, असंही क्षणभर वाटलं. मग तिने सुरी पुसली आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

ते झाले. जड पावलांनी, मान खाली घालून.

वरच्या पेटीतल्या एका आंब्यावर देठाजवळ बारीक टोचा होता. तिने तो चिरला. कोयीलगत काहीतरी पांढरं हललं, कमान करून वाकलं आणि टुणकन टेबलावर उडालं. अळी. चांगली जिवंत.

मोठे साहेब खुर्चीतून उठले. मालकाचं हसू विझलं. तो थेट बाबांवर धावून गेला. "तुमच्या भरवशावर होतो मी! उद्यापासून तोंड दाखवू नका." बाबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि ते बाहेर पडले.

"शाबास," मोठे साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सख्ख्या बापाची भीड ठेवली नाहीस. यापुढे तुझ्याबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं, तर मला येऊन सांग." शेजारच्या टेबलावरचा सहकारी न सांगता पुढे आला आणि नमुन्याची पिशवी धरून उभा राहिला. त्याची नजर जमिनीवर होती.

काम उरकून ती बाहेर आली, तेव्हा बाबा नळावर हात धूत होते. इतका वेळ दाबून ठेवलेला राग उसळून वर आला.

"काहीच कसं वाटलं नाही तुम्हाला? जन्मभर लोकांनी लपवलेला माल शोधलात. आणि आज माझ्यापासून पेटी लपवलीत!"

बाबांनी नळ बंद केला. रुमालाने एकेक बोट पुसलं.

"कंटेनर उघडला तेव्हाच ते टोचे दिसले होते मला. मालकाला सांगितलं. म्हणाला, तपासणारी लेक तुमचीच आहे ना? मग कशाला घाबरता?"

"आणि मग तुम्ही..."

"अगं वेडे," बाबा म्हणाले, "पेटी लपवायची असती, तर मी तिच्यापुढे असा ठाण मांडून उभा राहिलो असतो का?"