पडेल तिथे

पलंगाखाली घातलेली केरसुणी कशाला तरी अडली. जयंतीने वाकून ते ओढून काढलं. श्यामकांतची दौऱ्याची रेक्झिनची बॅग होती. तिने चेन उघडली. शर्ट, पँट, टॉवेल, दाढीचं सामान. तिची एक साडी नाही, माणिकचा एक फ्रॉक नाही.

त्र्याऐंशी सालचा जानेवारी होता. रशियाचा एक उपग्रह बिघडला होता आणि पृथ्वीभोवती फिरत फिरत खाली येत होता. त्याच्या पोटात अणुभट्टी होती. तो कुठे पडेल, ते जगात कुणालाच सांगता येत नव्हतं. पंतनगरच्या त्या इमारतीत मात्र सगळ्यांची खात्री होती, की पडणार तो आपल्याच गच्चीवर. बायकांनी वर कपडे वाळत घालणं सोडलं होतं.

श्यामकांत अणूच्या सरकारी केंद्रात नोकरीला. त्यामुळे जो तो त्यालाच विचारी. तळमजल्यावरच्या शेवंतीकाकूंनी त्याला जिन्यात गाठलं होतं. "माका खरा सांग रे बाबा, तो मेलो खय पडतलो?"

"समुद्रात, काकू. पृथ्वीवर पाणीच जास्त. बिनघोर झोपा."

त्याच्या शब्दावर इमारत झोपत होती. समोरच्या प्रेमाला आठवा महिना. ती घाबरून मालवणला माहेरी निघाली होती, तीही त्याच्या सांगण्यावरून थांबली.

आणि त्याच माणसाने बॅग भरून ठेवली होती. फक्त स्वतःची.

जयंती फरशीवर बसून राहिली. कपडे सगळे जुने होते. कॉलर विरलेला तो चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट तर तिने बोहारणीसाठी काढून ठेवला होता. पळून जाणारा माणूस असले कपडे कशाला नेईल? पण तेवढा विचार करण्याइतकं तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्याला कळलंय, एवढंच तिला सुचत होतं. त्याला कळलंय आणि तो आपल्याला सांगत नाहीये. तिने माणिकला शाळेतून लवकर आणलं, खिडक्या लावून घेतल्या आणि बसली.

संध्याकाळी तो आला. एक बूट काढला आणि समोर बॅग बघून तसाच थांबला.

"एकटेच जाणार होतात?"

"हो."

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. "पोरीला टाकून? त्या प्रेमाला थांबवलीत, आणि स्वतः..."

"जयू, दार लोटून घे."

तिने दार लोटलं. मग तो हळू आवाजात बोलला. पाच वर्षांपूर्वी असाच एक उपग्रह कॅनडात पडला होता. बर्फात कितीतरी महिने माणसं तुकडे शोधत फिरत होती. काही तुकडे इतके जहरी, की हातात धरायची सोय नाही. हा आपल्या देशात पडला, तर तुकडे गोळा करायला इथून माणसं जाणार. नावं मागवली होती.

"तुमचं नाव कुणी घातलं?"

"मीच दिलं. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र मला चालवता येतं. नाही कसं म्हणू?" त्याने बॅगेकडे पाहिलं. "ते कपडे परत यायचे नाहीत. काम झालं की तिथेच पुरायचे. म्हणून जुने घेतले."

"आणि तुम्ही?"

त्याने वाकून दुसरा बूट काढला.

लोक विचारत होते, आपल्या डोक्यावर पडेल का. जयंतीला आता कळलं, की देशात तो कुठेही पडला तरी तिच्याच घरावर पडणार होता. तिने सुईदोरा घेतला. चट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचं गळ्याचं बटण तुटलं होतं.

"पुरायच्या शर्टाला बटण कशाला गं?"

"उघड्या गळ्याने जायचं नाही," ती म्हणाली. सुई दोनदा बोटात गेली.

पुढच्या सोमवारी सकाळी रेडिओवर बातमी आली. उपग्रह हिंदी महासागरात पडला. इमारतीत दिवाळी झाली. प्रेमाचा नवरा राजाराम पेढे वाटत सुटला. श्यामकांत मोरीत तोंड धूत होता. जयंती टॉवेल घेऊन धावली, तेव्हा तो कुजबुजला, "पडला तो सांगाडा. भट्टी त्याच्यापासून सुटी झालीय. ती अजून वरच फिरतेय. आणखी दोन आठवडे तरी."

दारात प्रेमा उभी होती. "वहिनी, आता काही भीती नाही ना?"

जयंतीने तिच्या पोटाकडे पाहिलं. "काही नाही गं," ती म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

पेपरात भट्टीची बातमी आतल्या पानावर गेली. गच्चीवर पुन्हा कपडे वाळू लागले. लोक पाण्यावरून भांडू लागले. जयंती सगळ्यांत हसून खेळून होती. श्यामकांतच्या ऑफिसची बस जरा उशिरा आली, की मात्र ती दहादा खिडकीशी जाई.

अशाच एका सोमवारी संध्याकाळी तो धापा टाकत जिना चढून आला. "पडली," तो म्हणाला. "अटलांटिकमध्ये. भर समुद्रात."

जयंती उंबऱ्यावरच बसली आणि मोठ्याने रडायला लागली. आवरेना. भराभर दारं उघडली. प्रेमा आली. शेवंतीकाकू गुडघे धरत वर आल्या. "काय झाला गो? कोण गेला?"

"कोणी नाही काकू," जयंती म्हणाली. "तो उपग्रह पडला."

"अगो, तो तेव्हाच पडलो! पेढे खाल्लंस मां? मगे आता कित्याक रडतंस?"

जयंतीने पदराने तोंड पुसलं. "तेव्हा रडायची सोय नव्हती, काकू."