डावीकडची खुर्ची

"एकशे ऐंशी जिवांची दोरी ज्याच्या हातात असते, तो माणूस जगात कोणाच्या बापाला घाबरत नाही," सुयोग परब सोफ्यावरून म्हणाला.

"पाय," त्याची बायको श्वेता म्हणाली.

त्याने टीपॉयवरचे पाय खाली घेतले.

पायांखाली दबलेलं पत्र श्वेताने उचललं. विमान कंपनीचं होतं. अकरा वर्षं उजव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून काढल्यावर सुयोगला डावीकडच्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यात तो दोनदा नापास झाला. दोनदा नापास झालेल्याला कंपनी डावी खुर्ची देत नाही आणि उजवीही काढून घेते. त्या महिन्यात अशी नऊ पत्रं निघाली होती. अर्ज केला तर पंधरा दिवसांनी एक शेवटची परीक्षा, एवढी फट मात्र ठेवली होती.

"मी अर्ज करतोय," सुयोग ठामपणे म्हणाला. "करू ना?"

श्वेताने खालचा शेरा वाचून दाखवला. "हात उत्तम. यंत्राचं ज्ञान उत्तम. मात्र इंजिनाला आग लागली असता उमेदवाराने सहवैमानिकाला विचारलं, परत फिरूया ना?" तिने पत्राची घडी घातली. "तू चहालासुद्धा असंच विचारतोस."

संध्याकाळी अंधेरीहून वनमाला मावशीचा फोन आला. बातमी भांडुपहून अंधेरीला पोचायला वेळ लागत नाही.

"आमच्या बिल्डिंगीत पाचव्या मजल्यावर कॅप्टन आहेत. अनंता काका. रिटायर झाले आता. छत्तीस वर्षं केली रे! जेवढी माणसं घेऊन निघाले, तेवढी परत आणली. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात. जा त्यांच्याकडे."

"त्यांना आवडेल ना?"

"लाजतंस कित्याक? जा!"

दुसऱ्या दिवशी सुयोग गेला. कॅप्टन सत्तरीचे, उन्हाने रापलेले. स्वतःच्या बाल्कनीतही ते पाय फाकवून उभे होते, जणू बिल्डिंग कधीही कलंडेल आणि आपण तयार असलेलं बरं.

"तुम्ही काय चालवायचात, सर?" सुयोगने अदबीने विचारलं.

"माणसं."

सुयोग भारावला. मग त्याने नव्या विमानातल्या स्क्रीनबद्दल सांगायला सुरुवात केली. कॅप्टननी हात वर केला. पंजा चांगलाच जाड होता.

"ते तुझ्या कंपनीने शिकवलंय. माझं डोकं खाऊ नको. आग लागली तेव्हा काय बोललास, ते सांग."

"परत फिरूया ना?"

"त्यातला ‘ना’ कोणासाठी होता?"

सुयोगने विचार केला. अकरा वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"आभाळ बघायचं, ठरवायचं आणि सांगायचं," कॅप्टन म्हणाले. "चुकलास तर तेही मोठ्याने चूक. हळू आवाजातल्या चुकीने माणसं जास्त मरतात. आणि परत फिरायची लाज वाटत असेल, तर घरी बस. कळलं?"

"कळलं ना."

"चल, खाली जा. रिक्षावाल्याला विचारायचं नाही. बसायचं आणि म्हणायचं, दिंडोशी."

पहिल्या तिघांनी त्याला उतरवलं. चौथा निमूट निघाला. सुयोगचं दिंडोशीला काहीही काम नव्हतं, तरी तो जाऊन आला. परतताना त्याची मान जरा ताठ होती.

पुढचे बारा दिवस तो रोज अंधेरीला गेला. कॅप्टन त्याला बाल्कनीत उभं करून वारा कुठून येतोय ते डोळे मिटून सांगायला लावत. उत्तराच्या शेवटी ‘ना’ आला की पुन्हा पहिल्यापासून. सुयोगला वाटलं, जुनी माणसं अशीच. हल्ली सगळं पडद्यावर दिसतं म्हणून आपण बिघडलो.

घरीही फरक पडला.

"आज भेंडी नको," त्याने जाहीर केलं.

"मग?"

"वांगं."

त्याला वांगंही आवडत नव्हतं, पण निर्णय झाला होता. त्याने ते संपवलं. श्वेताने त्याला पहिल्यांदाच न मागता चहा दिला.

परीक्षेच्या दिवशी ‘सिम्युलेटर’ नावाच्या खोट्या विमानात खोटी रात्र झाली, खोटा पाऊस पडला आणि खोटी आग लागली. घाम खरा होता. उजवीकडच्या खुर्चीतला तरुण म्हणाला, "सर, पुढे गोवा जवळ आहे. तिथेच उतरूया ना?"

सुयोगने एकदा समोर पाहिलं. गोव्याच्या बाजूला विजा चमकत होत्या.

"नाही. परत."

परीक्षकाने वही मिटली. वेळ संपायला वीस मिनिटं बाकी होती. बाहेर आल्यावर त्याने फक्त विचारलं, "पंधरा दिवसांत असं कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या एका जुन्या कॅप्टननी," सुयोग म्हणाला. परीक्षकाने आदराने मान डोलावली.

कंपनीने पत्र मागे घेतलं. सुयोग पेढे घेऊन थेट पाचव्या मजल्यावर गेला. खांद्यावर चार पट्ट्या होत्या. कॅप्टननी त्या बोटाने मोजल्या, पेढा तोंडात टाकला आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की दुसरा पेढा सुयोगच्या हातातून खाली पडला.

"काका, रविवारी कॅप्टन म्हणून माझं पहिलं उड्डाण आहे," सुयोग म्हणाला. "तुम्ही येताय. पहिली रांग, खिडकी. तिकीट काढलंय."

वाक्यात कुठेही ‘ना’ नव्हता. कॅप्टननी समाधानाने मान हलवली. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, दाराआड वनमाला मावशी ऐकत नाही याची खात्री केली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"येतो. फक्त आत शिरल्याबरोबर तो खुर्चीचा पट्टा कसा लावायचा ते मला हळूच दाखवशील ना? आमच्या होडीला पट्टे नव्हते रे."