गुलाबांची छाटणी

"बागेला माया नव्हे, शिस्त लागते!" निवृत्त न्यायाधीशांनी कात्री उगारून जाहीर केलं, आणि मग शेजारणीला हळूच विचारलं, "यातला गुलाब कोणता?"

बायको ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. गुलाबांची छाटणी राहिली, एवढीच तिला रुखरुख होती. न्यायाधीशांनी एकूण एक गुलाब गुडघ्याखाली आणला. घरी आल्यावर खिडकीतून ते खुंट पाहून तिने अबोला धरला. त्यावर अपील नव्हतं.

मग थंडी पडली. एका सकाळी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पाइप घेऊन ती ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बागेत उतरली. शेवंती फुलली होतीच, पण गुलाबांना इतकी फुलं की पान दिसेना.

"इतकी वर्षं माझा हातच धजला नाही हो कापायला," ती म्हणाली. "यंदाची फुलं बघायला मी असेन, असंही वाटलं नव्हतं. फार बरं केलंत."

न्यायाधीशांना भरून आलं. एक पाऊल पुढे येऊन, घसा खाकरून, त्यांनी सविस्तर बोलायला सुरुवात केली.

"अहो, ते नंतर. आधी पाइपवरचा पाय काढा. शेवंतीला पाणी जात नाहीये."