सर्वांत शेवटी निघणारा

कोरियातल्या जोंजू शहरातल्या आमच्या विद्यापीठात नवे कुलगुरू आले, प्यो हाकचोल. पहिल्याच दिवशी त्यांनी नेतृत्वावर तासभर भाषण ठोकलं. "खरा नेता सगळे घरी गेल्यावर, सर्वांत शेवटी निघतो!" आम्ही मुकाट टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे साहेबाच्या आधी खुर्ची सोडायची कुणाची छाती नाही. त्यामुळे सहाला सुटणारी कचेरी सात वाजले तरी भरलेली. कामं कधीच संपली होती, सगळे नुसते माना खाली घालून बसले होते.

तेवढ्यात आमच्या कचेरीतल्या सोयॉनला तिच्या मुलीच्या बालवाडीतून फोन आला. "बाई, तुमची मुलगी तेवढी उरलीय. जोडे घालून दारात बसलीय."

"आत जाऊन सांग की कुलगुरूंना," विभागप्रमुख बांग कुजबुजले. "तू सुटलीस की आम्हीही सुटू."

"मग तुम्हीच सांगा ना, साहेब!"

"मला बढती हवीय, बाई."

सोयॉन आत गेली. कुलगुरू अंगात कोट घालून, बॅग मांडीवर घेऊन बसले होते.

"सोयॉनबाई, ही मंडळी घरी का जात नाहीत हो? तुम्हाला टाकून मला निघता येत नाही. तिकडे जेवण थंड होतंय."

'तुमच्यामुळे' हा शब्द तिच्या ओठांवर आला. पण साहेबाला त्याचीच चूक सांगायची? ती कमरेत वाकली.

"साहेब, तुम्हाला सोडून कुणाचा पायच निघत नाही."



कुलगुरूंचे डोळे पाणावले, आणि कोट काढून परत खुंटीला अडकवत ते म्हणाले, "मग मीही बसतो आणखी तासभर."