मोगऱ्याचा पुडा

"हलू नका हो मॅडमजी, किती हलता!" यमुना सिस्टरनं स्पृहाच्या पोटावरचं यंत्र वर सरकवलं, खाली सरकवलं आणि बंद करून टाकलं. "हे ठोके कधी पकडतं, कधी नाही. सोनोग्राफीवाले येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये चक्कर मारा."

तारीख उलटून पाच दिवस झाले होते. कळा सुरू करायच्या म्हणून स्पृहा सकाळीच इंदूरच्या पलासिया भागातल्या या नर्सिंग होममध्ये दाखल झाली होती. आई साताऱ्याला पाय मोडून पडलेली, सासू नाहीच. नवऱ्याला, परेशला, वर सोडत नव्हते. तो खाली गेटवर. वाचून वाचून तिला सगळं पाठ होतं. पण कळा देताना हात धरायला कोणी नसेल, याची तिला सकाळपासून भीती वाटत होती.

कॉरिडॉरच्या टोकाची खोली अर्धवट उघडी होती. आत पलंगावर तिच्याच वयाची एक बाई, आणि तिची कंबर चोळत बसलेल्या एक राखाडी केसांच्या ताई. उशाशी मोगऱ्याच्या गजऱ्यांचा पुडा.

"श्वास सोड, पूर्वा. घाई नाही राणी, मी आहे ना."

डूला! बाळंतपणात बाईजवळ बसून धीर देणारी. स्पृहानं वाचलं होतं, पण इंदुरात असेल असं वाटलं नव्हतं. पूर्वाचा नवराही आतच, तिच्या पायांशी. पोटाला पट्टे नाहीत, यंत्राची टिकटिक नाही. डॉक्टरीणबाई आल्या, पूर्वाच्या केसांवरून हात फिरवून गेल्या. स्पृहाला त्यांनी सकाळी अर्ध्या मिनिटात उरकलं होतं.

"मला त्या ताई हव्यात," ती सिस्टरला म्हणाली. "फी काय असेल ती देऊ."

"शैलजाताई? त्या अशा मागून नाही मिळत." सिस्टरचा आवाज एकदम उतरला. "डॉक्टर मॅडमच बोलावतात त्यांना."

"म्हणजे वशिला लागतो?"

"अरे भगवान! चालत राहा ना तुम्ही."

दुपारी पूर्वा मोकळी झाली. रडण्याचा आवाज आला नाही. शांतपणे जन्मलेली बाळं फारशी रडत नाहीत, असं स्पृहानं कुठंसं वाचलं होतं. दारातून मोगऱ्याचा वास तेवढा आला. बाळंतिणीला गजरासुद्धा! तिला उघड उघड हेवा वाटला.

मग तिची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"बाळ कसंय?"

"मॅडम बोलतील."

आणि तासाभरात चक्रंच फिरली. टोकाची खोली पुसून तिला दिली. यमुना सिस्टर ओरडली नाही. उलट पाठीला आणखी एक उशी लावून गेली. परेशला वर सोडलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"गेटवर काय धूर आहे," तो म्हणाला.

"तू वशिला लावलास ना? खरं सांग."

"मॅडमशी... बोललो मी." त्यानं तिचा हात घट्ट धरला आणि खिडकीकडे बघत राहिला. स्पृहाला हसू आलं. इतक्या वर्षांत या माणसानं कुणापुढं शब्द टाकला नव्हता.

दार हळूच उघडलं. शैलजाताई आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या.

"परेशरावांनी सांगितलंय ना सगळं?"

"हो!" ती घाईनं म्हणाली. "सकाळपासून तुमचीच वाट बघतेय मी. आता मला कसली भीती नाही."

"शूर आहेस गं." ताई पाठमोऱ्या होऊन टेबलावर तेलाची बाटली, टॉवेल मांडू लागल्या. शेवटी पिशवीतून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पुडा काढला. खोलीभर वास पसरला.

स्पृहानं वेणी पुढं घेतली. "आत्ताच माळू?"

"केसांत नाही, राणी," ताई मागं न वळताच म्हणाल्या. "बाळंत झालीस की छातीवर बांधू. दूध आटतं त्यानं."